विश्लेषण : व्होडकाला चव नसते, मग ‘ग्रीन ॲपल’मागे लपते काय?

‘व्होडकाचा वास येत नाही’ आणि ‘फ्लेवरवाली लाइट असते’... प्रत्येक ग्रुपमध्ये ही दोन वाक्ये ठामपणे सांगणारा एक जण असतोच. पहिले अर्धसत्य आहे, दुसरे धोकादायक.

व्होडका म्हणजे नेमके काय? धान्य, बटाटा किंवा उसाची मळी आंबवायची आणि मूळ पदार्थाची चव जवळपास पुसली जाईपर्यंत ऊर्ध्वपातन करायचे. युरोपीय संघात हे स्पिरिट किमान ९६ टक्के तीव्रतेचे लागते. मग पाणी घालून ते खाली आणतात, पण ३७.५ टक्क्यांच्या खाली नाही. अमेरिकेत तर ‘वेगळी चव, वास, रंग नसणे’ ही अट २०२० पर्यंत व्होडकाच्या व्याख्येतच होती.

फ्लेवर हे काही आजचे फॅड नव्हे. पोलंडची झुब्रुफ्का तिथल्या सुगंधी गवताची. बाटलीत त्याची एक काडीही असते. या गवतात कूमारिन असते आणि अमेरिकेने १९५४ मध्ये अन्नात कूमारिन घालण्यावर बंदी आणली, त्यामुळे मूळ झुब्रुफ्काला तिथे दार बंद झाले. रशिया-युक्रेनकडची मिरचीची व्होडकाही जुनीच. पण ती घशाला झोंबते, घोट आपोआप लहान होतो. ग्रीन ॲपल, ऑरेंज, व्हॅनिला यांचे काम उलटे. अल्कोहोलचा झोंबरेपणा ही शरीराला मिळणारी पहिली सूचना असते. गोडवा आणि सुगंध नेमकी तीच दाबतात.

आता साधा हिशेब. ३७.५ टक्क्यांची बाटली धरली तरी ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये २२.५ मिली शुद्ध अल्कोहोल जाते. ५ टक्के बिअरच्या ३३० मिली पाइंटमध्ये १६.५ मिली. भारतात सर्रास दिसणारी ४२.८ टक्क्यांची व्होडका असेल, तर पेगमधला आकडा २५.७ वर जातो. सरबतासारखी लागली म्हणून यातला एक थेंबही कमी होत नाही.

आणि वास? पोलिसांचे ब्रेथ ॲनालायझर वास घेत नाही, श्वासातले इथेनॉल मोजते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. तिथे सफरचंदाला सवलत नाही.

माझा आक्षेप फ्लेवरला नाही, लेबलला आहे. फळाचे चित्र अर्धी बाटली व्यापते आणि टक्केवारी मात्र कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. दोन्हींचा आकार सारखा करायला काय हरकत आहे?