वर्ष द्या, पण मुदतीने

आमच्या एका व्यापारी मित्राचा मुलगा पदवीधर झाला. लॉ सीईटीत गुण चांगले, परंतु त्याला आधी एक वर्ष नाटक लिहायचे आहे. वडील नाराज. म्हणाले, "आधी सनद, मग शौक. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९३५ साली अलीगढला एलएल.बी. केली, 'आवारा'ची पटकथा नंतर लिहिली!"

दाखला खरा आहे. परंतु पदवीनंतरचा तीन वर्षांचा कोर्स पुढल्या सालीही असतो. तोटा एवढाच की सीईटीचे गुण त्याच सालापुरते. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल.

व्यापारी बांधवांनो, आपण माल उधार देतो तो मुदत ठरवून. मुलालाही वर्ष तसेच द्यावे. तारीख वहीत लिहावी. अर्धा दिवस त्याने दुकानात बसून आपला खर्च काढावा, सीईटीचा फॉर्म वेळेवर भरावा. वर्षअखेर नाटक पुरे झाले नाही, तर मुकाट्याने कॉलेज गाठावे.

आम्हाला असे वर्ष कुणी दिले नाही. दहावी होताच गादीवर बसलो. उर्दू शाळेत जडलेला खुशनवीसीचा शौक आता फक्त बिलावर गिऱ्हाइकाचे नाव लिहिताना दिसतो. धंद्याने बरकत दिली, तक्रार नाही. पण ते येणे आमच्या वहीत आजही बाकी आहे.