सभेंतील चित्रकार कशासाठीं?

आमच्या कोल्हापुरास ‘कलापूर’ म्हणण्याची चाल आतां इतकी जुनी झाली आहे कीं, त्या नांवाबरोबर आपल्यावर कांहीं जबाबदारीही येते याचा आम्हां कोल्हापूरकरांस विसर पडत चालला आहे. हा विसर किती खोल गेला आहे हें दाखविणारा एक लहानसा प्रसंग नुकताच आमच्या पाहण्यांत आला. त्याविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

पुराच्या प्रश्नावर विचार करण्यासाठीं शहरांत एक सभा भरली होती. व्यासपीठाच्या एका बाजूस भिंतीवर चांगला लांबरुंद पांढरा कागद ताणून लावला होता आणि त्यापुढें एक तरुण चित्रकार रंगीत लेखण्या घेऊन उभा होता. सभेंत जें बोललें जाईल तें ऐकतां ऐकतां थोड्या शब्दांत व चित्रांत सर्वांच्या देखत मांडावयाचें, हें त्याचें काम. इंग्रजींत अशा माणसास ‘ग्राफिक रेकॉर्डर’ म्हणतात. आपण त्यास चित्रटिपणकार म्हणूं. स्वागत, प्रास्ताविक व सत्कार यांत पहिला तास गेला, तोंवर त्या बिचाऱ्यास टिपण्यासारखें कांहीं मिळालेंच नाहीं. पुढें मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि त्यांनीं विचारलें, “निळ्या रेषेच्या आंत भराव टाकायला परवानगी दिली कुणी?” व्यासपीठावरून उत्तर आलें नाहीं. चित्रकारानें मात्र नदी काढली, तिच्या कांठची निळी रेषा काढली, रेषेच्या आंत मातीचा ढीग काढला आणि त्यावर बाईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठळक लिहिला. सभा संपतांच लोक त्या कागदापुढें गर्दी करूं लागले. तेव्हां संयोजकांपैकीं एक गृहस्थ लगबगीनें आले व म्हणाले, “तेवढा कोपरा झांकून टाका, आणि तेथें अध्यक्षांचा चेहरा काढा.” चित्रकार कांहीं बोलला नाहीं, त्यानें लेखण्या खालीं ठेवल्या. कागद गुंडाळला गेला. चित्रकारास शाल व श्रीफळ मिळालें.

ज्यांस हा प्रसंग क्षुल्लक वाटेल त्यांनीं तो प्रश्न कशाविषयीं होता हें लक्षांत घ्यावें. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराचें पाणी जेथवर पोंचतें ती निळी पूररेषा. शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षीं पाणी त्याच्याही वर दहा फुटांहून अधिक चढलें. प्रयाग चिखली व आंबेवाडी येथील लोकांना घरें सोडावीं लागलीं. ज्या सभेनें या प्रश्नास उत्तर द्यावयाचें तिनें तो झांकावा, आणि तो झांकण्यासाठीं चित्रकाराचाच हात वापरूं पाहावा, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

सभेंत चित्रटिपणकार बोलावण्याची टूम हल्लीं मोठमोठ्या परिषदांतून लहान सभांपर्यंत येऊन पोंचली आहे. तिचा आरंभ १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत झाला. या विद्येच्या प्रवर्तकांपैकीं एक असलेले डेव्हिड सिबेट यांनीं १९७७ मध्यें आपली संस्था तेथेंच काढली. त्यांचा हेतु दिवाणखाना सजविण्याचा नव्हता. दहा माणसें एकत्र बसून विचार करतात, तेव्हां तो विचार सर्वांच्या डोळ्यांपुढें राहावा, कोण काय म्हणाला हें विसरलें जाऊं नये, आणि मतभेद कोठें आहे तें दिसावें, हा तो हेतु होता. आपल्याकडे वस्तु आली आणि हेतु मात्र वाटेंत सांडला, असें दिसतें.

बोलणें व चित्र यांची जोडी आपल्याला कांहीं परकी नाहीं. सिंधुदुर्गांतील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकामागून एक चित्रें पुढें धरून कथा सांगत आले आहेत. त्यांच्यापैकीं परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. आमचे बाबूराव पेंटर चित्रपटाचें चित्रण करण्यापूर्वीं पात्रांचे पोषाख व हालचाली रेखाटून ठेवीत. १९२० सालच्या ‘सैरंध्री’चे कर्ते ते हेच. चित्र हें विचाराचें साधन आहे हें ज्या गांवानें शंभर वर्षांपूर्वींच ओळखलें, त्या गांवांत आज तें फुलांच्या कमानीच्या पंक्तीस बसवावें काय?

कोणी विद्वान म्हणतील, “बोललेलें लिहून घेतां येतें, आतां तर यंत्र शब्द न् शब्द टिपून देतें. मग हीं बालबोध चित्रें कशाला?” आमचें उत्तर असें कीं, शब्द न् शब्द टिपलेला कागद सभेनंतर कोणी सहसा वाचीत नाहीं. चित्रटिपणकार त्यांतून निवड करतो, आणि ती सर्वांसमक्ष करतो. चूक झाली तर वक्ता तेथल्या तेथें उठून “मी असें म्हणालों नाहीं” असें सांगूं शकतो. घरीं बसून लिहिलेल्या वृत्तान्तांत ही सोय नाहीं. अर्थात् ठराव, मतें व आंकडे यांच्यासाठीं लेखी इतिवृत्त पाहिजेच. त्याचें काम चित्रानें भागणार नाहीं, आणि आम्ही तसें म्हणतही नाहीं.

दुसरा आक्षेप पैशाचा. “चित्रकाराची प्रसिद्धि होते, आणखी काय द्यावयाचें?” असें बोलणारे संयोजक मांडववाल्यास प्रसिद्धीवर बोळवीत नाहींत, ध्वनिक्षेपक लावणाऱ्याचेंही बिल मुकाट्यानें देतात. कोल्हापुरांत चित्रकलेचें शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था आहेत. तेथून दरवर्षीं मुलें बाहेर पडतात. त्यांना घरभाडें आहे, आईबाप आहेत. तीन तास उभें राहून ऐकणें, ऐकतां ऐकतां सार काढणें आणि हात थांबूं न देणें, हे श्रम आहेत. श्रमाचा सन्मान नारळानें होतो, पण त्याची किंमत नारळानें फिटत नाहीं. शिवाय फुकट आलेल्या माणसास “कोपरा झांका” म्हणणें सोपें जातें. ठरवून, लिहून, मोबदला देऊन बोलावलेला माणूस “तें माझ्या कामांत बसत नाहीं” असें सांगूं शकतो.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. विषय व कागदपत्रें चित्रकारास चार दिवस आधीं द्यावींत. मोबदला आधीं ठरवावा. कागद सभागृहांत सर्वांस दिसेल तेथें लावावा, आणि त्याची प्रत इतिवृत्तास जोडावी. दुरुस्ती हवी तर ती ज्याचें बोलणें आहे त्यानें भर सभेंत मागावी. संयोजकानें मागाहून कानांत नव्हे. चित्रकारांसही एक सांगणें आहे. पाहुण्यांचे चेहरे हुबेहूब काढून वाहवा मिळवणें सोपें असतें. मागच्या रांगेतला प्रश्न ऐकूं येण्यास कान उघडे लागतात. ज्यांना हें साधणार नाहीं त्यांनीं हें काम पत्करूं नये.

टाऊन हॉलच्या उद्यानांत ‘रंगबहार’ची ‘मैफल रंगसुरांची’ भरत आली आहे. एकीकडे गाणें चालतें आणि दुसरीकडे चित्रकार व शिल्पकार लोकांसमोर काम करतात. तेथें चित्रकाराच्या खांद्यावरून वाकून “येथें अमक्याचा चेहरा काढा” असें म्हणण्याचें धैर्य कोणास होत नाहीं. कारण तेथें तो कलावंत म्हणून बसलेला असतो. तोच माणूस सभेंत आला कीं त्याचा चाकर कां व्हावा?

त्या दिवशींचा गुंडाळलेला कागद कोठेंतरी कपाटावर धूळ खात पडला असेल. संयोजकांनीं तो काढावा, झटकावा आणि पुढच्या सभेंत पहिल्या प्रथम भिंतीवर लावावा. बाईंचा प्रश्न त्यावर अजून आहे, आणि उत्तर लिहावयास बाजूला जागाही आहे.