माजघरांतून : जिभेच्या आवडीनिवडी

गेल्या चैत्रांत डॉक्टरांनीं माझ्या रक्ततपासणीचा कागद पाहून म्हटलें, “तीन महिन्यांच्या साखरेचा आंकडा ६.३ आहे. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा समजतात.” माझी आई याच विकारानें अखेरीस दृष्टीला पारखी झाली होती. शहापूरच्या बाजारांतून घरीं परततांना मला तिचा चांचपडणारा हात सारखा आठवत होता.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. चहा दिवसांतून चारदां होतो. आणि स्वयंपाक करणारीचें ‘चव पाहाणें’ तर कधींच थांबत नाहीं. माझें ७८ किलो वजन कोठून आलें, हें शोधावयास दूर जावें लागलें नाहीं.

मीं डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळां जेवण्याची पद्धत धरली. तिचें मूळ नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांच्या विचारांत आहे. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपावें, आणि मध्यंतरीं पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा एवढेंच घ्यावें. खाण्याबरोबर इन्शुलिन स्रवतें, तें वारंवार स्रवूं नये, ही त्यामागची कल्पना. थोडेंथोडें अनेकदां खावें, असें सांगणारे तज्ज्ञहि आहेत, हेंहि येथें नमूद करतें.

पण मीं अतिरेक केला. दोन जेवणांतूनहि भात आणि तूप वगळलें, भाकरी अर्धीवर आणली. पंधरा दिवसांत चिडचिड वाढली. रात्रीं झोप येईना, तेव्हां मी कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ उशाशीं घेऊन पक्वान्नांचीं पानें वाचीत पडें. १९४४-४५ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटीं ठेवून उपासमारीचा अभ्यास झाला; त्यांतील कित्येकजण असेच पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचूं लागले होते! सासूबाई म्हणाल्या, “अगं, एकादशीलासुद्धां देव इतकें मागत नाहीं.” डॉक्टरांनींहि कान उघाडणी केली. भात परत पानांत आला. दोन्ही वेळां मी पोटभर जेवूं लागलें.

त्यानंतर जिभेंत पालट जाणवूं लागला. ज्येष्ठांत पहिला पाऊस पडतांच मुरबाडहून भाऊ शेवळांच्या जुड्या घेऊन आला. आदिवासी बायका रानांतून त्या बाजारांत आणतात. काकडाच्या आंबट फळांवांचून ही भाजी घशाला खाजते. हरभऱ्याची डाळ घालून ती केली, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खातांना लहानपणची ती तुरट-आंबट चव मला इतकी स्वच्छ लागली, कीं शेजारच्या वाटींतील शिरा तसाच राहिला. दुसरे दिवशीं पाहुण्यांचा चहा चुकून तोंडाला लावला, तर तो पाकासारखा वाटला. मिठाचें असेंच होतें, हें १९८२ सालच्या एका अमेरिकन संशोधनांत दिसून आलें: कांहीं महिने मीठ कमी खाल्लें, कीं कमी खारट तेंच रुचूं लागतें.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानांत आली नव्हती. चारचा चहा मी व सासूबाई मिळून घेत असूं. मोह नको म्हणून मी त्या वेळीं माडीवर जाऊन बसें. एके दिवशीं जाऊबाई म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही उठल्यापासून माईंनींहि चारचा चहा सोडला आहे. एकटीला घशाखालीं उतरत नाहीं म्हणतात.” मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून कोरा चहा घेऊन मी पुन्हां त्यांच्याजवळ बसूं लागलें.

दिवाळीपर्यंत वजन ७१ वर व आंकडा ५.८ वर आला. परंतु ज्या भगिनी मधुमेहाच्या गोळ्या वा इन्शुलिन घेतात, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून जेवणाच्या वेळा बदलूं नयेत. साखर एकाएकीं उतरण्याचें भय असतें.

परवां चहाचा घोट घेऊन सासूबाई म्हणाल्या, “आज गोड झालाय गं, उद्यां अर्धा चमचा कमी घाल.” त्यांना कोणीं पथ्य सांगितलेलें नाहीं.