तीस दिवसांच्या आत पुन्हा टेबलावर

मानेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात, ठरलेले नसताना, रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागले तर नोंदवहीत एकच शब्द पडतो: रीऑपरेशन. अमेरिकेतल्या एनएसक्विपसारख्या नोंदणीतून निघणारे शोधनिबंध याच शब्दावरून जोखमीची यादी काढतात. मधुमेह, वरचा एएसए वर्ग, स्टेरॉइड, रक्त गोठण्याचा दोष, कमी अल्ब्युमिन, लांबलेली शस्त्रक्रिया. यादी खोटी नाही. पण उद्याच्या रुग्णाबाबत नेमके काय बदलायचे हे तिच्यातून कळत नाही, कारण त्या एका शब्दात निदान तीन वेगळी दुखणी कोंबलेली असतात.

पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचा हिमॅटोमा हे त्यातले सर्वात घाईचे. बहुतेक पहिल्या चोवीस तासांतच दिसतात. थोडे घरी गेल्यावर, पाचव्या-सहाव्या दिवशीही. ओपीएलएल, जास्त पातळ्या, हेपारिन ही त्याची ओळखीची कारणे. ड्रेन कोरडा आहे म्हणून निश्चिंत राहणे ही आपल्याकडची जुनी खोड. आवाज बदलतो, गिळवत नाही, रुग्ण आडवा पडायला तयार होत नाही. सॅच्युरेशन घसरते ते सर्वात शेवटी. थायरॉइडच्या शस्त्रक्रियांसाठी ब्रिटनमधल्या संघटनांनी 2022 मध्ये स्पष्टच सांगितले, की श्वास अडत असेल तर खाटेवरच टाके कापून जखम उघडा. आपल्या वॉर्डात रात्री दोन वाजता हा निर्णय निवासी डॉक्टरने घ्यायचा की कन्सल्टंटचा फोन लागेपर्यंत थांबायचे, हे लेखी ठरलेले आहे का? मधुमेहाच्या टक्केवारीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

निसटलेला ग्राफ्ट किंवा प्लेट हे दुसरे. व्हॅकारो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये लांब प्लेटचे लवकर होणारे अपयश मांडले: दोन पातळ्यांच्या कॉर्पेक्टॉमीत 9 टक्के, तीन पातळ्यांच्या 50 टक्के. इथे जोखीम रुग्णापेक्षा आपल्या आराखड्यात जास्त असते. मागूनही आधार द्यायचा का, हे आधीच ठरवायचे असते.

जंतुसंसर्ग मुख्यतः मागच्या बाजूचा, आणि साखर, अल्ब्युमिन, लठ्ठपणा यांचा खरा संबंध इथे. पुढच्या जखमेत पू आला तर मात्र आधी अन्ननलिकेला इजा नाही ना, ते पाहावे. आणखी एक. परदेशी अर्जावरून उचललेला ‘धूम्रपान करता का?’ हा प्रश्न आपल्याकडे अपुरा पडतो. आजी ‘नाही’ म्हणतात, आणि मशेरी रोज लावतात.

शिवाय आपले आकडे चांगले दिसतात याचे एक कारण असे, की गावी गेलेल्या रुग्णाची जखम वाहू लागली तर तो जवळच्या सर्जनकडे जातो. ते रीऑपरेशन त्याच्या वहीत पडते, आपल्या नाही.

म्हणून या अंकापासून मानेच्या मणक्यावरील केसमालिकांच्या लेखकांना तीन गोष्टी द्याव्या लागतील: प्रत्येक रीऑपरेशनचे कारण, ते कितव्या दिवशी झाले, आणि तिसाव्या दिवशी किती रुग्णांशी फोनवर तरी बोलणे झाले. फोन न लागलेले रुग्ण ‘गुंतागुंत नाही’ या रकान्यात धरलेले आढळले, तर लेख परत पाठवला जाईल.