सक्तीचे गाणे

एखाद्या समाजाची ओळख केवळ त्याच्या कचेऱ्यांवरून आणि कारखान्यांवरून पटत नाही. दिवसाचे काम आटोपल्यावर तेथील माणसे कोठे जातात, हेही पाहावे लागते. दक्षिण कोरियात गेली तीन दशके या प्रश्नाचे एक उत्तर ‘नोरेबांग’ हे आहे. ‘नोरे’ म्हणजे गाणे, ‘बांग’ म्हणजे खोली. तासाच्या भाड्याने मिळणारी बंद खोली, पडद्यावर उमटणारे गीताचे शब्द, यंत्रातून वाजणारी साथ, हाताशी खंजिरी, आणि गाणे संपताच शंभरापैकी गुण देणारे यंत्र, एवढाच तिचा संसार. विषय करमणुकीचा वाटला, तरी त्यात दडलेला अधिकार आणि आनंद यांच्या नात्याचा प्रश्न कोणत्याही नोकरदाराच्या परिचयाचा आहे.

यंत्र मूळचे जपानचे. कोबे येथील दाइसुके इनोऊए या वादकाने १९७१ मध्ये पैसे टाकताच साथ वाजवणारे यंत्र तयार केले, पण त्याचे पेटंट घेतले नाही. जपानसमोरच्या बुसान बंदरात १९९१ च्या सुमारास नोरेबांग सुरू झाले आणि पाहता पाहता देशभर पसरले. जपानच्या वसाहतवादी राजवटीच्या कटू स्मृतींमुळे जपानी लोकप्रिय संगीतावर कोरियात निर्बंध होते. ते १९९८ पासून टप्प्याटप्प्याने सैल झाले. म्हणजे यंत्र आधी आले, गाणी मात्र कोरियाची स्वतःचीच राहिली. हा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १९८२ च्या आरंभापर्यंत या देशात रात्रीची संचारबंदी होती. पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने १९७५ मध्ये शेकडो गाण्यांवर बंदी घातली होती. किम मिन-गी यांचे ‘अचिम इसुल’ हे त्यांपैकीच एक. १९८७ च्या लोकशाही आंदोलनानंतर ती बंदी उठली. ज्यांना रात्री बाहेर पडण्याची आणि हवे ते गाण्याची मुभा नव्हती, त्यांना चार वर्षांत गाण्यासाठी खास खोली मिळाली, तेव्हा त्यांनी ती भरून टाकली, यात नवल ते काय?

कोरियन माणसाची गाण्याची आवड तर फार जुनी. तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासग्रंथातही तेथील जमातींच्या दिवसचे दिवस चालणाऱ्या नृत्यगायनाच्या उत्सवांची नोंद आहे. नोरेबांगने या आवडीला लोकशाही वळण दिले. गळा गोड असण्याची अट नाही, पाळी प्रत्येकाची येते, आणि कारकून गात असताना साहेबाने खंजिरी वाजवावी, अशी तेथील रीत.

पण ही समता खोलीच्या दारापाशी संपते. ‘ह्वेशिक’ म्हणजे कचेरीतील मंडळींचे सामूहिक भोजन. पहिली फेरी जेवणाची, दुसरी मद्याची, आणि मग नोरेबांग, असा त्याचा ठरीव क्रम. निमंत्रण वरिष्ठाचे, ते नाकारणे म्हणजे आपण ‘आपल्यातले’ नाही असे जाहीर करणे. थकलेल्या कनिष्ठाने मध्यरात्री हसतमुखाने गायचे, ते साहेबाची मर्जी सांभाळण्यासाठी. स्त्री कर्मचाऱ्यांवर तर आर्जव, मद्याचा आग्रह आणि अंगलट येणे यांचे ओझे अधिकच. नोरेबांगमध्ये मद्यविक्रीला आणि गिऱ्हाइकांच्या सोबतीला स्त्रिया पुरवण्याला कायद्याने मनाई असूनही दोन्ही प्रकार चालत आले आहेत.

या प्रथेच्या समर्थकांचे म्हणणे असे, की युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश एका पिढीत उभा राहिला तो संघभावनेवर, आणि ती भावना अशा रात्रींतूनच जोपासली गेली. यात तथ्य नाही असे नाही. परंतु हुकमाने जमवलेला मेळा म्हणजे संघ नव्हे. हाताखालच्या माणसाला मद्य पिण्यास भाग पाडणे बेकायदा आहे, असा निर्णय सोलच्या उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका स्त्री कर्मचाऱ्याच्या दाव्यात दिला. २०१८ पासून आठवड्याच्या कामाची मर्यादा ६८ तासांवरून ५२ तासांवर आणण्यास मोठ्या कंपन्यांपासून आरंभ झाला. २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाला कायद्याने बंदी झाली, आणि ह्वेशिकची सक्ती हे त्या छळाचे एक उदाहरण म्हणून शासकीय मार्गदर्शिकेत नोंदले गेले. २०२० च्या महासाथीत तर या खोल्यांना काही काळ टाळेच लागले.

नव्या पिढीने आपला मार्ग शोधला आहे. नाणी टाकून एक-दोन गाणी गाण्याच्या चिमुकल्या खोल्यांत विद्यार्थी आणि तरुण नोकरदार एकटेच जातात, मनसोक्त गातात आणि घरी परततात. तेथे साहेब नाही, मर्जी नाही, टाळ्याही नाहीत. ही मुक्ती खरी. पण तिची किंमतही खरी. गाणे ऐकणाऱ्यावाचून पुरे होत नाही. सक्तीला कंटाळून माणसे सोबतीलाच पारखी होऊ लागली, तर दोष तरुणांचा नव्हे. सोबतीला सक्तीचे रूप देणाऱ्यांचा आहे.

कायदा मध्यरात्रीचे निमंत्रण नाकारण्याचा हक्क देऊ शकतो. तो वापरणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी वाकड्या नजरेने न पाहण्याची सभ्यता वरिष्ठांनाच शिकावी लागेल. आपल्याकडील कचेऱ्यांतही आग्रह आणि आज्ञा यांतील सीमारेषा पुसट असते, हे अनेक वाचकांना सांगावयास नको. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे, त्याच्याच होकाराला मोल असते. कोरियातील गाण्याच्या खोल्या टिकाव्यात. त्यांच्या दारावर कोणाचा हुकूम मात्र नसावा.