दिएन बिएन फू : शौर्यकथेत हरवलेला निर्णय

१/७ 'अनवाणी शेतकऱ्यांनी निव्वळ धैर्याच्या बळावर फ्रेंच साम्राज्य लोळवले.' दिएन बिएन फूविषयीचे हे वाक्य सर्वत्र कौतुकाने फिरवले जाते. प्रत्यक्षात ते विजेत्यांवर अन्याय करणारे आहे.

२/७ नोव्हेंबर १९५३. फ्रेंच सेनापती आंरी नावार यांनी लाओस सीमेजवळच्या या खोऱ्यात छत्रीधारी सैनिक उतरवले. लाओसची वाट अडवावी, व्हिएत मिन्हला उघड्या लढाईत खेचून तोफांनी चिरडावे, हा बेत. रसद विमानाने येणार होती. भोवतालच्या डोंगरांवर शत्रू जड तोफा चढवू शकणार नाही, हे गृहीतच धरले होते.

३/७ तोफा चढल्या. माणसांनी दोरखंडांनी ओढून चढवल्या. जानेवारीअखेरीस हल्ल्याची वेळ ठरली, सैन्य आतुर होते. आणि ऐन वेळी जनरल व्हो न्ग्युएन जियाप यांनी हल्ला रद्द करून त्याच तोफा मागे घ्यायला लावल्या.

४/७ माझ्या मते लढाई तेव्हाच जिंकली गेली. पुढील सहा आठवड्यांत डोंगर खोदून तोफांसाठी निवारे झाले, रस्ते झाले, दारूगोळा साठला. व्हिएतनामी नोंदींनुसार सुमारे २,६०,००० हमाल राबले. एकेका सायकलीवर दोनशे किलोंहून अधिक ओझे लादले गेले.

५/७ १३ मार्च १९५४ रोजी तोफा गरजल्या. पहिल्याच रात्री 'बेआत्रीस' हे ठाणे पडले. शत्रूच्या तोफा बंद पाडण्याची हमी देणाऱ्या कर्नल पिरोत यांनी दोन दिवसांत आत्महत्या केली. मार्चअखेर धावपट्टी निकामी झाली, ७ मे रोजी तळ पडला. दुसऱ्याच दिवशी जिनिव्हात इंडोचीनविषयक वाटाघाटी सुरू झाल्या.

६/७ 'शस्त्रे चीनची, मग श्रेय कसले?' चिनी मदतीविना हे घडले नसते, हे मान्य. परंतु फ्रान्सही अमेरिकी पैशावरच लढत होता. जियाप यांच्याही चुका झाल्या : थेट चढायांत भयंकर मनुष्यहानी झाली. त्यानंतर मात्र खंदक खणत ठाण्यांना विळखा घालण्यावर भर आला.

७/७ शूर तर खोऱ्यात अडकलेले फ्रेंच सैनिकही होते. मग केवळ शौर्याने निकालाचा उलगडा कसा व्हावा? वसाहतीतला माणूस हिशेब मांडू शकेल, हेच नावार यांच्या मनात आले नाही. त्या माणसाला नुसता 'शूर' म्हणून गौरवताना आपणही त्याची बुद्धी नाकारतो. म्हणून १३ मार्चच्या आधी जानेवारीतला तो रद्द हल्ला वाचा.