जिंकलेले मोजता, तर हरलेलेही मोजा

मोसमात मुंबईचे महालक्ष्मी आणि पावसाळ्यात पुणे, असे वर्ष रेसकोर्सवर काढणारा एक पंटर गृहीत धरू. घोड्याची मागची कामगिरी, त्याच्यावरचे वजन, जॉकी, ट्रॅकची ओल हे सगळे पाहून तो पैज लावतो. जिंकलेल्या तिकिटांवर त्याला वर्षात १० लाखांचा नफा झाला आणि हरलेल्या तिकिटांत ९ लाख गेले. हाती उरला एक लाख. प्राप्तिकर मात्र पूर्ण १० लाखांवर लागतो : ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३ लाख १२ हजार रुपये. एवढा अभ्यास करून, अंदाज बरोबर ठरवून, वर्षाअखेरीस या माणसाने पदरचे २ लाख १२ हजार घालायचे.

हा कायद्याचा अपघात नाही, हेतूच आहे. १९७२ पर्यंत अशी अवचित मिळकत करमुक्त होती. पुढे ती करकक्षेत आली आणि १९८६ च्या वित्त कायद्याने तिला वेगळा, सरसकट दर लावला. लॉटरी, शब्दकोडी, शर्यती, पत्ते, जुगार सगळे एकाच पोत्यात. करमुक्त मर्यादा नाही, टप्प्यांचा लाभ नाही, खर्चाची वा तोट्याची वजावट नाही. जुगार हा कुणाचा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, हे या कायद्याला मान्यच नाही. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यानेही हा दर कायम ठेवला.

सरकारची बाजू लंगडी नाही. जिंकलेल्या रकमेचा माग लागतो, कारण ती देणारा खिडकीवरच टीडीएस कापतो. हरलेल्या रकमेचा पुरावा कोण देणार? शर्यत संपली की फेकलेल्या तिकिटांचा खच पडतो. ती गोळा करून कुणीही तोटा दाखवू शकेल. ‘धंदेवाईक’ कोण हे ठरवायला गेलो, तर महिन्यातून दोनदा कॅसिनोत जाणारा नोकरदारही पगारातून हार वजा करायला मागेल. शिवाय जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरे सगळ्यांनी पाहिली आहेत. ज्या छंदाला आळा घालायचा, त्याचा तोटा इतर करदात्यांनी का सोसावा?

पण हे तर्क कायदा स्वतःच सगळीकडे पाळत नाही. ज्या घोड्यावर पंटरने पैज लावली, त्याच्या मालकाला वेगळा नियम आहे. चंदी, मोतद्दाराचा पगार, पशुवैद्य हे सारे खर्च तो शर्यतीच्या बक्षिसांतून वजा करू शकतो. तोटा झाला तर चार वर्षे पुढे ओढू शकतो, फक्त त्याच धंद्याच्या उत्पन्नासमोर. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. प्राप्तिकराने तिला लॉटरीच्या सोडतीशेजारीच बसवले आहे. याच न्यायालयाने १९८० मध्ये, तस्करीचे सोने आणायला नेताना जप्त झालेली रोकड हा त्या धंद्यातला तोटा म्हणून मान्य केली होती. तस्कराची हार मोजली गेली. कायदेशीर खिडकीवर तिकीट घेणाऱ्याची नाही.

बाहेर याची दोन टोके दिसतात. ब्रिटनमध्ये १९२५ च्या एका निकालापासून पैजेवर जगणाऱ्याची जीतही करपात्र धंदा मानली जात नाही. सरकार कर घेते ते पैज स्वीकारणाऱ्याकडून. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, श्वानशर्यतींवर आठवड्याला ६० ते ८० तास घालवणाऱ्या एका माणसाचा जुगार हा व्यवसायच आहे, असे ठरवले. तिथे हार जिंकलेल्या रकमेपुरतीच वजा होत असे. २०२६ पासून तीही ९० टक्केच धरली जाते. म्हणजे एक लाख डॉलर जिंकून तेवढेच हरलेल्यालाही दहा हजारांवर कर. एवढ्यावरूनच तिथले पोकरपटू हवालदिल झाले. आपल्याकडे ही वजावट शून्य आहे.

आपल्या सरकारने एकदा गणित बरोबर मांडले होते. ऑनलाइन खेळांसाठी २०२३ मध्ये ‘निव्वळ जीत’ ही कल्पना आली : वर्षात काढलेली रक्कम आणि अखेरची शिल्लक, यांतून भरलेली रक्कम आणि सुरुवातीची शिल्लक वजा. दर तोच ३० टक्के, पण खऱ्या कमाईवर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि जिथे हिशेब न्याय्य होता, तेच दार बंद झाले. रेसकोर्स आणि गोव्यात मांडवी नदीतल्या जहाजांवरचे कॅसिनो कायदेशीर आहेत, तिथे मात्र जुनाच हिशेब.

आमच्या मते ‘धंदेवाईक’ ही पाटी कुणालाच देऊ नये; त्या व्याख्येतून फक्त खटले निघतील. ज्याला वजावट हवी, त्याने पॅनशी जोडलेल्या नोंदणीकृत खात्यातूनच पैज लावावी. हार त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या जितीतून वजा व्हावी. पगाराशी किंवा दुकानाच्या नफ्याशी तिचा संबंध नको आणि ती पुढच्या वर्षी ओढायलाही नको. ३० टक्के दर राहू द्यावा. घोडामालकासाठी घातलेलेच कुंपण पंटरसाठी जरा अधिक आवळावे, इतकेच.

यात तिजोरीचे काही नुकसान होईल आणि जुगाराला प्रतिष्ठा मिळते, हा आक्षेपही उरेल. पण आळा घालण्याचे काम वस्तू व सेवा कराकडे आधीच सोपवले आहे. सप्टेंबर २०२५ पासून शर्यती, कॅसिनो आणि लॉटरीवर तो ४० टक्के आहे. प्राप्तिकराचे काम उत्पन्न मोजण्याचे. न झालेल्या उत्पन्नावर तो लावला, की हिशेबी माणूस खिडकी सोडून नोंद न ठेवणाऱ्या बुकीकडे वळतो, आणि मग सरकारच्या हाती ना कर लागतो, ना त्या माणसाचा माग.